नागपूर, १९५६ : पांढऱ्या लुगड्याचा इतिहास

नागपूरच्या कापडाचा इतिहास सांगताना सहसा दोन गोष्टींचा उल्लेख होतो : कोष्टी विणकरांचे हातमाग आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल. या दोहोंच्या बरोबरीने एक तिसरी परंपरा येथे नांदत होती आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. नागपूर आणि आसपासच्या गावांतील अनेक महार कुटुंबे सूत कातत आणि जाडेभरडे कापड विणत. रेशीमकाठी धोतरे उमरेडच्या मागांवरून येत. राबणाऱ्या माणसाच्या अंगावरचे टिकाऊ कापड मात्र या घरांतून येत असे.

गिरणीचे स्वस्त सूत आणि कापड बाजारात आल्यावर हा धंदा खालावला, आणि या कुटुंबांतील अनेकजण एम्प्रेस मिलमध्ये कामाला लागले. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत तर अधिक पगाराचे विणाई खाते अस्पृश्य कामगारांना बंदच होते. धोट्यात, म्हणजे ताण्यातून आडवे सूत नेणाऱ्या मागाच्या भागात, सुताची नवी कांडी भरली की त्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि तोच धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडी जाणार, एवढ्याच कारणावरून पिढ्यान्‌पिढ्या विणकाम जाणणाऱ्या हातांना मागापासून दूर ठेवले गेले.

कापड विणणाऱ्यांना कापड वापरण्याचे स्वातंत्र्यही नव्हते. प्रेतावरचे वस्त्र हा गावगाड्यात महारांचा हक्क समजला जाई. अनेक ठिकाणी स्त्रियांनी लुगडे गुडघ्यापर्यंतच नेसावे, असा दंडक होता. परीट त्यांचे कपडे धूत नसे आणि सार्वजनिक पाणवठा त्यांना खुला नव्हता. स्वच्छ कपड्याला आधी पाणी लागते, ही साधी गोष्ट लक्षात घेतली, तर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर झालेल्या संघर्षाचा वस्त्राशी असलेला संबंध स्पष्ट होतो. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे नेसण्याची ही पद्धत आणि कथलाचे, चांदीचे हातभर दागिने ही तुमच्यावर लादलेली ओळख आहे, ती टाकून द्या. त्यानंतर परिषदेतील स्त्रिया घोट्यापर्यंत लुगडी नेसून वावरू लागल्या.

नागपुरात त्याआधी, १९२० साली, दोन मोठ्या सभा झाल्या होत्या. मे महिन्याच्या अखेरीस राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, आणि डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला, ज्यात हातसूत आणि हातविणीला मानाचे स्थान होते. खादीचे मोल मोठेच आहे. तरीही ज्यांच्या पूर्वजांना जाडेभरडे वस्त्र सक्तीने नेसावे लागले, त्यांना त्याच वस्त्रात त्यागाचे प्रतीक दिसावे, अशी अपेक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही. बाबासाहेबांचा नीटनेटका सूट या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

यानंतर येतो १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमीचा दिवस. श्रद्धानंद पेठेतील व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, धम्मदीक्षेसाठी येणाऱ्यांना पांढरी वस्त्रे परिधान करण्यास सांगण्यात आले होते. पाली ग्रंथांत गृहस्थ उपासकांचे वर्णन श्वेतवस्त्रधारी असे येते, आणि श्रीलंकेतील उपासक आजही विहारात पांढऱ्या कपड्यांत जातात. या रंगाच्या निवडीला तो आधार होता. बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. त्यांच्या पत्नी माईसाहेबांच्या अंगावर पांढरी साडी होती. कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांनी दोघांना दीक्षा दिली, आणि त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या लाखो लोकांना ती दिली.

पुरुषांच्या दृष्टीने पांढरे धोतर-सदरा हा वेश परिचयाचा होता. स्त्रियांच्या बाबतीत मात्र या सूचनेचा अर्थ फार खोल होता, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही, असे वाटते. महाराष्ट्रात सवाष्ण स्त्रीने हिरवे, लाल लुगडे नेसावे आणि पांढरे विधवेच्या वाट्याला यावे, हा संकेत अनेक घरांत रुजलेला होता. सवाष्णीच्या अंगावर पांढरे म्हणजे अशुभ, असेच मुलींच्या मनावर बिंबवले जाई. ज्यांचे पती शेजारी चालत होते, ज्यांच्या कडेवर मूल होते, अशा हजारो स्त्रिया सणाच्या दिवशी पांढरे लुगडे नेसून खेड्यापाड्यांतून नागपुरात आल्या. शुभाशुभाची ती जुनी कल्पना त्यांनी भाषण न करता, केवळ नेसण्यातून नाकारली. मोलमजुरी करणाऱ्या घराला पांढरा कपडा परवडणेही कठीण, कारण धुळीचा आणि घामाचा प्रत्येक डाग त्यावर उमटतो. तो नवा विकत घेणे, धुऊन राखणे आणि सर्वांसमक्ष नेसणे यांत कष्ट होते, खर्च होता आणि धाडसही होते.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पांढरा रंग पंचशील ध्वज आणि निळ्या झेंड्यांसोबत दिसतो. विदर्भातील अनेक बौद्ध विवाहांत वधू पांढरी साडी नेसते, वर पांढऱ्या पोशाखात असतो, आणि बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिसरण-पंचशील म्हणून लग्न लागते. त्या मांडवात पांढऱ्या साडीला कोणी अशुभ मानत नाही.