समुद्रातली राखण

पत्रिकेवर माझा विषय छापलाय : 'उद्ध्वस्त प्रवाळभित्तींचं पुनरुज्जीवन आणि किनारी समाजाचा सहभाग'. अध्यक्षांनी तो पूर्ण वाचला, त्यात माझं एक मिनिट गेलंच. मी बोलणार आहे ते शेवटच्या शब्दावर. 'सहभाग' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. तुमच्यापैकी काहींनी ते आधी ऐकलंय, त्यांनी खुशाल डुलकी काढावी.

प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नाही, हे या सभागृहात सांगायला नको. तरी आपण सगळेच 'रोपवाटिका', 'लावणी' असं बोलतो. मीही बोलतो. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण लावणी म्हटली की समारंभ आला, समारंभ आला की पाहुणे आले आणि फोटो निघाला की काम संपलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका लावणीला मी गेलो होतो. बेटाचं नाव सांगत नाही, संस्थेचं तर नाहीच. मलाही पुढे कुणीतरी बोलवायला हवं ना! लोखंडी सळयांच्या चौकटी केल्या होत्या. त्यावर बोटाएवढे प्रवाळाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळायचे आणि चौकटी तळाशी ठेवायच्या. गावातली तीसेक माणसं एकसारखे टी-शर्ट घालून उभी. पाठीवर त्यांच्या भाषेत छापलेलं, 'सहभागी'. या सहभागींचं काम काय, तर चौकटी ट्रकमधून उतरवून होडीत चढवणं. हमालीला इतका भारदस्त शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे नको. वारा फिरला की इथली वाळू चालते." मी ते तिथल्या अभियंत्याला सांगितलं. भला माणूस, त्याने तक्ता काढला. खोली, तापमान, क्षारता, गढूळपणा, सगळे रकाने होते. वाळू चालते की बसून असते, याचा रकाना नव्हता. रकाना नाही म्हणजे अडचण नाही.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची होडी आली आणि त्यांनी नांगर टाकला. मराठीत शेतातल्या आणि होडीतल्या नांगराला एकच शब्द का, हे मला त्या दिवशी कळलं. तासाभरापूर्वी ठेवलेल्या चार चौकटी त्या नांगराने अशा उलटून टाकल्या, की जातिवंत शेतकऱ्यानेही मान डोलवावी. टाळ्या चालूच होत्या. पाण्याखालचं दिसतंय कुणाला!

सात महिन्यांनी मी तिथे परत बुडी मारली. वाळूचं सपाट मैदान. बराच वेळ शोधल्यावर एका चौकटीचा कोपरा हाती लागला. त्यावर एक मेलेला, पांढरा तुकडा, आणि त्याच्याभोवतीची पट्टी मात्र घट्ट, जराही ढिली झालेली नाही. वर आलो तर तोच म्हातारा होडीत बसलेला. 'सांगितलं होतं' असं अक्षरानेही म्हणाला नाही. एवढंच विचारलं, "आता त्या सळया आम्ही काढून घेतल्या तर चालतील का?"

हे छोटं प्रकरण. मोठं फ्लोरिडातलं. १९७२ मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्याजवळ जुन्या टायरांची कृत्रिम भित्ती करायला घेतली. आकडा वीस लाखांपर्यंत सांगतात. शंभरावर खाजगी बोटी मदतीला धावल्या. म्हणजे सहभाग भरपूर! टायर कंपनीच्या ब्लिंपमधून, म्हणजे फुग्यासारख्या हवाई जहाजातून, सोनेरी रंगवलेला टायर समुद्रात टाकून मुहूर्त केला. पुढे टायर बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, वादळांत टायर फिरायला लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते वर काढायला लागले.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मुख्य विषय तर अजून पेटीतच आहे. आता भराभर सांगतो.

स्फोटकं टाकून मासेमारी झालेल्या ठिकाणी प्रवाळाचा चुरा उरतो. कान दिलात तर लाटेबरोबर तो फुटक्या कपबशांसारखा किणकिणतो. प्रवाळाची अळी त्यावर बसते, पुढच्या लाटेला तुकडा उलटतो आणि अळी चिरडली जाते. तिथे निसर्गावर सोपवून भागत नाही, आधी चुरा स्थिर करावा लागतो. इंडोनेशियात सुलावेसीजवळ वाळूचा थर दिलेल्या पोलादी सळयांचे षट्कोनी सांगाडे एकमेकांना बांधून चुऱ्यावर पसरले आणि त्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधले. गावकरीच हे काम करतात. चार वर्षांत तिथली वाढ निरोगी भित्तीच्या बरोबरीला आली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. (पैसा पुरवणारी चॉकलेटची कंपनी, तिचं नाव मार्स. पोवळं हे मंगळाचं रत्न, तेव्हा ज्योतिषांना हा पुरावा माझ्याकडून भेट.) पण लावलेला प्रवाळ बहुतेक फांद्यांचा आहे. तो झपाट्याने वाढतो आणि पाणी तापलं की आधी तोच पांढरा पडतो.

दुसरं, माझ्या भांडणाचं मूळ : फिलिपीन्स. सुमिलॉन बेटाजवळ तिथले सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये राखीव पट्टा झाला. दहाएक वर्षांनी स्थानिक राजकारण फिरलं, पट्टा मासेमारीला खुला झाला आणि सगळ्यांचीच मासळी जवळजवळ निम्म्यावर आली. नियम होता, पण तो आपला मानणारे पुरेसे नव्हते. आपो बेटावर अल्कालांनी घाई केली नाही. तीन वर्षं नुसतं बोलत राहिले, मच्छीमारांना सुमिलॉनला नेऊन मासे दाखवले. १९८२ मध्ये १४ कुटुंबांनी आपणहून साडेचारशे मीटरचा किनारा बंद केला आणि पाळीपाळीने पहारा दिला. किनाऱ्यावर बसलेला एक माणूस पुरे. एक तुकडासुद्धा न लावता मासे वाढले आणि बाहेरच्या जाळ्यात यायला लागले. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, राखण. अनुदानाच्या अर्जात मात्र 'किती तुकडे लावले' असा रकाना असतो, 'कोण राखतंय' असा नसतो.

खुरपणीचं राहिलंच. लावलेल्या तुकड्यांवर शैवाल चढतं, ते ब्रशने घासून काढावं लागतं, आठवड्यामागून आठवडे. शैवाल खाणारे मासे शाबूत असतील तर हे काम ते फुकट करतात. जमैकात ते मासे आधीच पकडून संपवलेले होते. १९८३ च्या सुमारास साथीने तिथले समुद्री साळिंदरही, म्हणजे शैवालच खाणारे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी, मेले आणि शैवालाने प्रवाळ गिळला.

आणि उष्णता. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगात राहून अन्न बनवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या एका उथळ खाडीत ३८.४ अंश नोंदले गेले. वर्षानुवर्षं जपलेल्या रोपवाटिका लोकांनी उपसून तुकडे जमिनीवरच्या टाक्यांत नेले. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. आपोच्या राखीव पट्ट्यातला प्रवाळ तर त्याआधीच, २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरातल्या वादळांनी मोडून टाकला होता. राखणदार वादळ अडवत नाही, पाणीही थंड करत नाही. मी तसा दावाही करत नाही. पण वादळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण असतं, एवढंच मी अर्जात विचारायला सांगतोय.

घंटा झाली. छत्तीस स्लाइड उरल्यात, त्या तुम्ही पाहिल्या असं धरून चालू. पहिला प्रश्न टायरांचाच येणार, म्हणून आधीच सांगतो : नाही, अजून सगळे निघालेले नाहीत.