शीर तुंबली, सूज उतरली, तरी अक्षरं पुसट का?

नमस्कार मंडळी. ‘डोळ्यात इंजेक्शनं झाली, पडद्याची जाडी नॉर्मल आली, तरी नीट दिसत नाही’, हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली असतोच. घ्या, आज त्यावरच बोलू.

प्राथमिक गोष्टी झटपट. डोळ्याच्या पडद्यातली, म्हणजे रेटिनातली, शीर तुंबली की रक्त मागे साचतं, केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, मॅक्युला, म्हणजे पडद्याचा बारीक बघणारा मधला भाग, सुजतो. इंजेक्शनने सूज उतरते. पण साध्या ओसीटीतली (पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन) जाडी सूज किती एवढंच सांगते. रक्त खेळतंय का, हे बघायला ओसीटी-अँजिओ, म्हणजे त्याच स्कॅनने काढलेला रक्तवाहिन्यांचा नकाशा. त्यात डाय टोचत नाहीत. मशीन एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतं आणि जे हललं, म्हणजे रक्तपेशी, तेवढंच उजळ दाखवतं. म्हणून गळती दिसत नाही, आणि फार संथ रक्तही काळंच दिसतं.

आता माझं नेहमीचं रडगाणं. व्हेसल डेन्सिटीचा, म्हणजे रक्तवाहिन्या किती दाट याचा, आकडा आधी वाचू नका! आधी छेद, म्हणजे पडद्याचा काप दाखवणारं चित्र, उघडा, थरांच्या रेषा बघा. सुजेच्या पोकळ्या थर ढकलतात, मशीनची रेषा भरकटते, आणि ‘खोल जाळं’ (केशवाहिन्यांचं खालच्या थरातलं जाळं) म्हणून भलताच थर समोर येतो. या आजारात जास्त मार खातं ते नेमकं खोल जाळंच.

‘डेन्सिटी सुधारली’ म्हणून आनंद होतो ना? कधी कधी सूज उतरल्यावर फक्त रेषा जागेवर आलेली असते.

आणि काळा डाग म्हणजे केशवाहिन्या मेल्याच, असंही नाही. तिथे पाण्याची पोकळी असेल, वरच्या रक्तस्रावाची सावली असेल. छेद बघितल्याशिवाय फरक कळत नाही. कितीदा सांगू!

रेषा बरोबर असतील तर मग मधला रक्तवाहिन्यांविना असलेला गोल बघा. निरोगी डोळ्यात तो साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तो फाटून पसरला असेल, किंवा खालची इलिप्सॉइड झोनची (प्रकाश टिपणाऱ्या पेशींची) रेघ तुटलेली असेल, तर सूज जाऊनही नजर अडते. उत्तर बहुतेकदा इथे सापडतं.

एक मात्र विसरू नका: ३ किंवा ६ मिलिमीटरच्या चौकोनात पडद्याच्या कडा येत नाहीत. तिथला रक्तपुरवठा तुटलाय का, ते वाइड-फील्ड तपासणीत बघावं लागतं. मुख्य शीर तुंबली असेल तर पहिले काही महिने बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वीच बुबुळावर आणि कोनात (बुबुळाची कड आणि समोरचं पारदर्शक पटल मिळतात तिथे) नव्या रक्तवाहिन्या शोधायच्या. बाहुली पसरली की त्या सहज निसटतात, आणि काचबिंदू गाठतो.