आपल्या खासदारानं मत कुठं दिलं?

[दृश्य : कोल्हापुरातली मिरजकर तिकटी, सकाळ. चहाच्या गाड्यावर पेपर वाचणारी माणसं.]

निवेदन :
खासदाराच्या कामाचा हिशेब निघाला, की तीन आकडे पुढं येतात. हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, चर्चेत कितीदा बोलले. आकडे खरे असतात, उपयोगाचेही असतात. पण कायदा होतो तो मतावर, आणि मताचा पत्ता या तिन्ही आकड्यांत लागत नाही. हजेरी म्हणजे त्या दिवशीची एकदाची नोंद. नोंद सकाळी झाली आणि मतदान मध्यरात्री झालं, तर नोंद करणारा तेव्हा सभागृहात होता का, हे टक्केवारी सांगत नाही.

मत शोधायला गेलं की पहिलीच अडचण मोठी आहे. बहुतेक विधेयकांवर कुणी कसं मत दिलं याची नोंदच होत नाही. ती आवाजी मतदानानं मंजूर होतात. बाजूचे 'हाँ' म्हणतात, विरोधातले 'ना' म्हणतात, अध्यक्ष कौल जाहीर करतात आणि कामकाज पुढं सरकतं. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत तीनपैकी दोन कृषी विधेयकं अशीच, गदारोळात मंजूर झाली. विरोधक मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतांची मोजणी, मागत होते, ती झाली नाही. 29 नोव्हेंबर 2021 ला ते कायदे मागं घेतले, तेही चर्चेविना आणि आवाजी मतदानानंच. शिरोळच्या ऊस उत्पादकानं आज विचारलं, की या कायद्यांवर कोण कुठल्या बाजूला होता ते नावानिशी दाखवा, तर दाखवायला यादी नाही. शेतकऱ्याच्या पोटाशी जोडलेल्या कायद्यांबाबत हे व्हावं, हे आम्हाला अजिबात पटत नाही.

नावं उमटतात ती मतविभागणीत. घटनादुरुस्ती असेल तर ती टाळताच येत नाही, कारण सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, अशी दोन्ही गणितं जुळावी लागतात. म्हणून शोधाची सुरुवात घटनादुरुस्त्यांपासून करावी. महिला आरक्षणाचं विधेयक 20 सप्टेंबर 2023 ला लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. त्याची नावं मिळतात.

[दृश्य : रेखाचित्र. आसनासमोरची मतदानाची बटणं, जवळून.]

मतविभागणी पुकारली की घंटा वाजते, साडेतीन मिनिटं. तेवढ्यात आत पोचायचं. मग लॉबीची दारं बंद होतात, उशिरा आलेला बाहेरच राहतो. प्रत्येकाला आपल्याच जागेवरून मत द्यावं लागतं. हिरवं बटण बाजूनं, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. नुसतं बटण दाबून भागत नाही. मतदान सुरू करणारा वेगळा स्विच त्याच वेळी दाबून ठेवावा लागतो, दुसरा टोला पडेपर्यंत. हात आधी उचलला की मत नोंदलं जात नाही. अशांना चिठ्ठी देऊन मत नोंदवता येतं किंवा दुरुस्त करता येतं. म्हणून अध्यक्ष निकाल सांगताना 'दुरुस्तीच्या अधीन राहून' असं म्हणतात. हा फरक किरकोळ नसतो. 22 जुलै 2008 च्या विश्वासदर्शक ठरावात यंत्रानं आधी 253 विरुद्ध 232 दाखवले. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा 275 विरुद्ध 256 झाला. तेव्हा नुसती छापील यादी वाचून थांबू नये. तळटीपेत चिठ्ठीनं मत देणाऱ्यांची नावं असतात, ती वाचल्याशिवाय कुणालाही 'गैरहजर' म्हणू नये.

[दृश्य : संगणकाचा पडदा, यादीवरून सरकणारं बोट.]

यादी मिळते 'संसद डॉट इन'वर. लोकसभा निवडा, मग वादविवाद, मग तारीख. तारखेत हमखास चूक होते. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत 288 विरुद्ध 232 असं मतदान झालं, ते 3 एप्रिल 2025 उजाडल्यावर. पण बैठक 2 एप्रिलची होती, त्यामुळं शोधायचं 2 एप्रिलखाली. यादी इंग्रजी वर्णक्रमानं असते आणि साधारणपणे आडनाव आधी येतं. हातकणंगल्याचे खासदार धैर्यशील माने 'एम'मध्ये बघा. कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपतींचं नाव 'सी' आणि 'एस' दोन्हीकडं बघितलेलं बरं.

आणखी एक घोळ होतो. एका विधेयकावर मतदान एकदाच होत नाही. विधेयक विचारात घ्यावं का, मग एकेका दुरुस्तीवर, एकेका कलमावर आणि शेवटी मंजूर करावं का, अशी कितीतरी मतं पडतात. विरोधकांच्या दुरुस्तीला 'होय' म्हणणारा बहुधा सरकारच्या मसुद्याविरुद्ध उभा असतो. मथळा न वाचता नुसतं 'होय' मोजलं, तर अर्थ नेमका उलटा लागतो.

आता निष्ठेचं बघू. पक्षाचा व्हिप, म्हणजे आपल्या खासदारांना मतदानाबाबतचा लेखी आदेश, निघतो, त्याखाली रेघा असतात. एक रेघ म्हणजे मतदानाची कल्पना दिली, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आली आणि पक्षादेश मोडला तर खासदारकी जाण्याची सोय झाली. विरोधात मत दिलं तरी, आणि मत दिलंच नाही तरीही. मात्र पक्षानं 15 दिवसांत माफ केलं तर काही होत नाही. म्हणजे व्हिप निघालेल्या मतदानात खासदार पक्षाबरोबर राहिला, एवढ्यावरून त्याची निष्ठा सिद्ध होत नाही. त्यातून पक्षाचं मत कळतं, माणसाचं नाही.

[दृश्य : जिल्ह्याचा नकाशा. कोल्हापूर आणि हातकणंगले मतदारसंघ.]

आपल्या जिल्ह्यानं यातले सगळे नमुने बघितलेत. 2009 ला राष्ट्रवादीनं उमेदवारी नाकारल्यावर सदाशिवराव मंडलिक कोल्हापुरातून अपक्ष निवडून आले. त्याच वर्षी हातकणंगल्यातून राजू शेट्टी स्वाभिमानी पक्षाचे एकटे खासदार झाले. एकाला पक्षच नव्हता, दुसऱ्याचा पक्ष त्याचा स्वतःचा. त्या पाच वर्षांत दोघांनाही कुठल्या मोठ्या पक्षाचा व्हिप लागू नव्हता, म्हणून तेव्हाची त्यांची मतं जास्त बोलकी. खासदाराचा स्वभाव खरा कळतो तो अशाच नोंदींतून. अपक्षाला बाहेरून पाठिंबा देता येतो, पण निवडून आल्यावर तो पक्षात गेला तर खासदारकी जाते.

2019 ला दोन्हीकडं शिवसेना आली : संजय मंडलिक आणि धैर्यशील माने. त्याच डिसेंबरातलं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक बघा. 9 तारखेला लोकसभेत शिवसेनेनं विधेयकाच्या बाजूनं मत दिलं, निकाल 311 विरुद्ध 80. 11 तारखेला राज्यसभेत तिनं मतदानच केलं नाही, तिथं 125 विरुद्ध 105. मधल्या दोन दिवसांत विधेयक तेच होतं. पक्षच जागचा हलला. खासदाराची निष्ठा मोजताना पक्ष स्वतः कुठं उभा आहे, हे न बघता चालणारच नाही.

2022 ला शिवसेना फुटली, तेव्हा हे दोघंही एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. विधानसभेतल्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयानं 11 मे 2023 ला स्पष्ट केलं, की प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारा, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाचा, नाही. निष्ठेची तक्रार ऐकताना पहिला प्रश्न हाच ठेवावा : व्हिप काढला कुणी, आणि त्याला तो अधिकार होता का?

काही मतं या हिशेबात येतच नाहीत. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदान गुप्त असतं, तिथं व्हिप काढता येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, पण दुसऱ्याला मत दिलं म्हणून दहाव्या अनुसूचीखाली त्याची आमदारकी जात नाही. जून 2022 ला धनंजय महाडिक विरुद्ध संजय पवार ही कोल्हापूरच्याच दोघांतली लढत अशाच मतदानातून ठरली.

मग आपण बघायचं काय? आमचं मत स्पष्ट आहे : गैरहजेरी. विरोधात मत देणारे फार थोडे निघतात, कारण किंमत मोठी असते. एप्रिल 1999 ला नॅशनल कॉन्फरन्सचे खासदार सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश मोडून वाजपेयी सरकारविरुद्ध मत दिलं, सरकार 269 विरुद्ध 270 असं पडलं आणि त्यांच्या पक्षानं त्यांना काढून टाकलं. ज्याला पक्षाचं पटत नाही पण भांडायचंही नाही, तो मतदानाला येत नाही. 17 डिसेंबर 2024 ला 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडताना 269 विरुद्ध 198 मतं पडली, तेव्हा व्हिप असूनही सत्ताधारी पक्षाचे काही खासदार आले नव्हते.

गैरहजर खासदारांची यादी कुणी तयार करून देत नाही, ती आपणच काढायची. मतविभागणीच्या तिन्ही रकान्यांत आणि तळटीपेत नाव नसेल, तर त्या दिवशीची हजेरी बघायची. मंत्री हजेरी नोंदवत नाहीत, त्यांना ही कसोटी लावू नका. हजेरी आहे आणि मत नाही, असं दिसलं तर खासदाराच्या कार्यालयाला लेखी पत्र द्या. पत्रात विधेयकाचं नाव, बैठकीची तारीख आणि कोणत्या प्रस्तावावरचं मतदान, हे तिन्ही लिहा. शिवाय त्या दिवशी व्हिप होता का आणि किती रेघांचा, हेही विचारा.