पोळ्याचा बैल, नाताळचा गोठा

(दृश्य : कुंभाराचं अंगण, सकाळ. पोयट्याचा ढीग, ओल्या गोणपाटाखाली मळलेली माती.)

पोळा होऊन तीन महिने उलटले. भुसावळजवळच्या या अंगणात बैलांचं काम श्रावणी अमावस्येलाच संपतं. मग मडकी, पणत्या, संक्रांतीची सुगडी. पण डिसेंबर लागला, तरी इथं एक बैल अजून घडतोय. तो बाजारात जाणार नाही. रेल्वे वसाहतीलगतच्या कॅथलिक चर्चमध्ये नाताळला येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा, मांडतात; तिथं बाळ येशूच्या गव्हाणीशेजारी तो बसणार आहे.

पोळ्याचा बैल उभा असतो. म्हणून कुंभारदादांनी पहिल्या वर्षी फादरांना एवढंच विचारलं होतं, "बैल उभा पाह्यजे का बसेल?" फादर म्हणाले, बसलेला. दिवसभर राबून आलेला, रवंथ करणारा.

(दृश्य : हातांचे जवळून शॉट. माती मळणं, धड, मान, वशिंड.)

माती तापीकाठची, पोयट्याची, म्हणजे नदीच्या गाळाची. शेतातली काळी माती या कामाला चालत नाही, वाळताना तडकते. पोयटा चाळायचा, भिजवायचा, त्यात लीद आणि राख मिसळायची आणि पायानं तुडवायचा. धड आतून पोकळ ठेवावं लागतं, नाहीतर भट्टीत फुटतं. मान वेगळी, वशिंड वेगळं. जोडावर पातळ चिखलाचा हात फिरतो. पुढचे पाय दुमडून पोटाखाली घ्यायचे, हे सगळ्यात अवघड. इथं दादा बराच वेळ एकही शब्द बोलत नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

शिंगं शेवटी. लांब, मागे जाऊन वर वळणारी. आपल्या भागातल्या तापी खिल्लारची शिंगं अशीच. येशूच्या जन्मगावातले, बेथलेहेममधले बैल कसे होते कोण जाणे. भुसावळच्या गोठ्यातला बैल तापीथडीचा आहे.

मग सावलीत वाळवण. उन्हात ठेवला की एक बाजू आधी सुकते आणि मान वाकडी होते. पुरता वाळला की गोवऱ्या आणि तुऱ्हाट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, भट्टी.

(दृश्य : रात्रीची भट्टी, धूर. निवेदन नाही. फक्त जाळाचा आवाज.)

(दृश्य : अंगणाच्या कोपऱ्यात बांधलेलं गाढव.)

हे गाढव पूर्वी माती वाहायचं. आता माती टेम्पोनं येते, पण गाढव घरातच आहे. गोठ्यातलं गाढव घडवताना दादांना चित्र लागलं नाही.

गंमत अशी, की येशूजन्माच्या गोष्टीतले हे दोन प्राणी शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांत, नाहीतच. त्यांतल्या एकाचा लेखक लूक सांगतो की मरियेनं बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. गव्हाण आहे, जनावरांचा उल्लेख नाही. ती आली जुन्या करारातून, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातून. यशया संदेष्टा म्हणतो, बैलाला धनी कळतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. ख्रिस्ती चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी या दोघांना बाळाशेजारी आणून बसवलं. ख्रिस्तजन्माच्या सगळ्यात जुन्या शिल्पांपैकी काहींमध्ये तर मरिया आणि योसेफही नाहीत. फक्त बाळ, बैल आणि गाढव.

(दृश्य : चर्चच्या भिंतीवरचं संत फ्रान्सिसचं चित्र.)

गोठा मांडायची रीत रूढ केली असिसीच्या फ्रान्सिसनं. वर्ष 1223, इटलीतलं ग्रेच्चो हे डोंगरातलं गाव. नाताळच्या सुमारे दोन आठवडे आधी त्यानं जॉन नावाच्या ओळखीच्या माणसाला निरोप दिला : बाळाचे हाल डोळ्यांना दिसतील अशी तयारी कर. तयारी म्हणजे काय? गव्हाण, गवत, एक बैल, एक गाढव. मूर्ती एकही नाही. गावकरी मशाली घेऊन डोंगर चढून आले, गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे चर्चचा उपासनाविधी, झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, उपधर्मगुरू होता, म्हणून त्यानं फक्त शुभवर्तमान गायलं आणि प्रवचन दिलं. चेलानोचा थॉमस हा त्याचा पहिला चरित्रकार. तो लिहितो, की त्या गव्हाणीतलं गवत पुढं आजारी जनावरांना खाऊ घातलं आणि ती बरी झाली.

मूर्ती नंतर आल्या. रोमच्या सांता मारिया मज्जोरे महामंदिरातला आर्नोल्फो दी कांबिओचा संगमरवरी संच 1290 च्या सुमाराचा. अठराव्या शतकात नेपल्सनं गोठ्यात अख्खा बाजार भरवला, मासळीवाले आणि पाववाले सुद्धा. आपापलं गाव गोठ्यात घालायची खोड तिथलीच. पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी ग्रेच्चोला जाऊन गोठ्यावरच्या पत्रावर सही केली आणि ही रीत घराघरात चालू ठेवा, असं सांगितलं. 2025 मध्ये त्यांचं दफन झालं ते त्याच सांता मारिया मज्जोरेमध्ये.

(दृश्य : चर्चचं आवार. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, भारे उतरवले जातात.)

भुसावळला चर्च आलं ते रेल्वेमागून. 1860 च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ इथं पोहोचले, आणि रेल्वेच्या नोकरीनं गोवेकर, तमीळ, अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. आता मराठी मिस्सेलाही गर्दी असते. 1987 पासून हा भाग नाशिक धर्मप्रांतात मोडतो.

गोठ्याचं छप्पर पऱ्हाट्यांचं. बोंडअळी वाढू नये म्हणून फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी राखून घेतलेलं जास्तीचं पीक, घेऊ नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या शेतातून या काळात पऱ्हाट्या निघतात. भिंतींना तुऱ्हाट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा हात. खाली दादर ज्वारीचा कडबा. दोन्ही बाजूंना केळीची पानं. ती रोज बदलावी लागतात, पण आपल्याकडे केळीला काय तोटा!

पऱ्हाट्यांना चिकटून राहिलेला कवडी कापूस पोरं काढून घेतात आणि छपरावर पसरतात. बर्फ म्हणून. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत भाजणाऱ्या भुसावळात बर्फ! आम्ही हसलो. पोरं हसली नाहीत.

(दृश्य : मेंढपाळांच्या मूर्ती, लाल फेटे, खांद्यावर घोंगडी.)

मेंढपाळ पाहा. हे ठेलारी आहेत. साक्रीकडचे ठेलारी वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन फिरतात, खतासाठी कुणाच्या शेतात कळप बसवतात आणि रात्रभर राखण करत उघड्यावर झोपतात. लूकच्या गोष्टीत देवदूत पहिली खबर देतो ती राजाला नाही, याजकाला नाही. रानात रात्री कळप राखणाऱ्यांना. ही ओळ खानदेशात समजावून सांगावी लागत नाही.

(दृश्य : लाकडी पेटी उघडते. जुन्या प्लास्टरच्या मरिया आणि योसेफ.)

मरिया आणि योसेफ मात्र जुन्या संचातलेच. गोरे, निळ्या डोळ्यांचे, योसेफाची दोन बोटं गेलेली. त्यांना हात लावायला ज्येष्ठ मंडळी तयार नाहीत. लहानपणापासून यांच्यासमोर गुडघे टेकले, असं एक आजी म्हणाल्या. त्याला उत्तर नाही. पण एक आठवण करून द्यायला हवी. 1902 मध्ये गोव्यात जन्मलेले चित्रकार अँजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्यावर टीका झाली. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, 1967 पर्यंत चित्रं काढत राहिले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि प्रत्येक देशाच्या कलेचा चर्चमधला हक्क मान्य केला, तेव्हा फोन्सेकांचं बरंचसं काम झालेलं होतं. बैल तापीचा चालतो, मेंढपाळ ठेलारी चालतो, तर आईनंच परकं का राहावं, एवढाच आमचा प्रश्न.

(दृश्य : 24 डिसेंबर, रात्र. रिकामी गव्हाण.)

नाताळआधीच्या आगमन काळाचे चारही रविवार गव्हाण रिकामी असते. बाळाची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेलाच येते.

(इथं निवेदन नाही. घंटा, गायन, चेहरे.)

(दृश्य : गोठ्यासमोर रांग. पोरं बैलाच्या पाठीवरून हात फिरवतात.)

रांगेत सगळेच असतात. कुंभारदादाही सहकुटुंब येऊन गेले. त्यांनी बैलाकडे पाहिलं, गाढवाचा कान जरा तिरका झालाय म्हणाले.

दादांचा मुलगा सुरतला कामाला आहे, चाकावर बसणारं घरात दुसरं कोणी नाही. फायबरचा तयार संच घ्यावा, असंही काहींचं म्हणणं आहे. निर्णय झालेला नाही.

(दृश्य : जानेवारी. तीन राजे वाळूवर पुढं सरकवले जातात.)

पूर्वेकडचे ज्ञानी लोक रोज थोडे थोडे पुढं सरकतात आणि प्रकटीकरणाच्या सणाला गव्हाणीपाशी पोहोचतात. शुभवर्तमानकार मत्तय त्यांची संख्या देत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ते तीन झाले. परंपरेत त्यांतल्या गास्पारला काही ठिकाणी हिंदुस्थानचा राजा मानतात, म्हणून आमच्या गास्पारला फेटा आहे. त्यांना उंट नाहीत. मत्तयातही नाहीत, तेही यशयाकडूनच आले.

प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की गोठा उतरतो. कडबा शेजारच्या शेळ्यांना, पऱ्हाट्या बंबाला, मूर्ती कापडात गुंडाळून पेटीत. फादरांनी पुढच्या वर्षासाठी एक उंट सांगितलाय. दादांनी उंट कधी घडवलेला नाही. कच्छकडचे मेंढपाळ उंट घेऊन या बाजूनं जातात, तेव्हा गुडघे नीट पाहून ठेवतो म्हणाले. बसलेल्या उंटाचे पाय कसे दुमडतात ते आधी कळायला हवं.