रामबागेतला ड्रॉवर

सकाळचे नऊ, इंदूरची रामबाग. कोपऱ्यावर पोहे-जलेबीची गर्दी, आणि चार घरं सोडून ह्या दवाखान्याच्या पायरीवर चपलांचा ढीग.

हा ड्रॉवर जरा नीट बघा. एमआर लोक, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, नव्या औषधांची चकचकीत पत्रकं देऊन जातात ना, ती सगळी ह्यात पडतात, प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख आणि खाली तीन प्रश्न. किती जण? कशाशी? किती दिवस? म्हणजे औषध किती जणांना देऊन बघितलं, तुलना कशाशी केली आणि नंतर किती दिवस लक्ष ठेवलं. उत्तरं मिळाली की पत्रक टेबलावर येतं, नाहीतर पडून राहतं. ही खालची तर पिवळी पडलीत.

लोक म्हणतात डॉक्टर जुन्या वळणाचे. असतील, पण जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये दिसलं की डेक्सामेथासोन, म्हणजे साधं स्वस्त स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं, तेव्हा ह्यांनी एका दमात मानलं.

प्लाझ्माला मात्र मान डोलावली नाही. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग; त्यातून बऱ्या झालेल्याच्या, विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी आजाऱ्याला द्यायच्या, ऐकताना कोणालाही पटेल. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 39 हॉस्पिटलांत 464 पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला तेच अधिक प्लाझ्मा, मग मोजलं तर आजार बळावण्यात फरक नाही, मृत्यूतही नाही. हे छापून आलं ऑक्टोबर 2020 मध्ये, सरकारी गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. मधल्या काळात लोक रात्र-रात्र डोनर शोधत फिरले.

ह्या काकू गुडघ्यासाठी आल्यात, पिशवीत जावयानं आणून दिलेलं स्टेमसेल, म्हणजे मूळपेशींच्या, इंजेक्शनचं पत्रक.

"डॉक्टर, घेऊ का?"

"काकू, धावणारा माणूस मस्त छापलाय. किती जण धावले ते कुठंय?"

आयसीएमआरच्या 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेमसेल मंजूर ट्रायलमध्येच द्यायचे. पत्रकात ट्रायलचा शब्द नाही, पॅकेजचा आहे, तोही ठळक.

पेन्सिल चालते. किती जण? कशाशी? किती दिवस? पत्रक ड्रॉवरमध्ये जायला निघतं तर काकू हात पुढे करतात, घडी घालून पिशवीत ठेवतात. जाणार का तिकडे, आम्ही विचारलं नाही.