पन्नासची लेन्स आणि दहा फुटांची खोली

नमस्कार श्रोतेहो.

नवा डीएसएलआर कॅमेरा घरात येतो तेव्हा त्याच्यावर अठरा-पंचावन्न एमएमची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी लेन्स, बसवलेली असते, आणि सुरुवातीला ती पुरतेही. दुपारचं अंगण, गडावरची माची, सहलीतला घोळका, सगळं झकास येतं. मग गणपती येतात. संध्याकाळची आरती, दिवे मालवलेले, फक्त समई आणि निरांजन. फोटोत बघावं तर ओवाळणाऱ्या हाताच्या जागी नुसता पिवळा फराटा. फ्लॅश मारला तर निरांजनाचा उजेडच मरतो आणि मुकुटावर पांढरा डाग पडतो. ‘आता एक चांगली लेन्स घ्यायला हवी’ हा विषय बऱ्याच घरांत इथे सुरू होतो.

किट लेन्स पंचावन्नपर्यंत झूम केली की तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ १.८ ची लेन्स याच्या जवळपास दहापट उजेड घेते. म्हणजे जिथे शटर सेकंदाचा दहावा भाग उघडं ठेवावं लागत होतं, तिथे शंभरावा भाग पुरतो. किट लेन्सवर आयएस किंवा व्हीआर अशी अक्षरं असतात ना, ती तुमचा हात सावरतात. आरती ओवाळणाऱ्याचा हात ती सावरत नाहीत. म्हणून मोठ्या छिद्राची लेन्स.

आता कोणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं: पन्नास एमएम, एफ १.८ घे, डोळे झाकून घे. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं आणि चौकटीत कमी मावतं. कॅननची ही लेन्स १९८७ पासून आहे. तिची सध्याची आवृत्ती, एसटीएम, २०१५ साली आली, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि नव्या लेन्सांमध्ये तिच्याहून स्वस्त फारशा नाहीत. लेन्स उत्तमच आहे. माझी हरकत आहे ती ‘डोळे झाकून’ला.

हा सल्ला फिल्मच्या जमान्यातला. तेव्हा फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची होती आणि तिच्यावर पन्नास ही सर्वसाधारण, सगळीकडे चालणारी लेन्स होती. नवशिक्यांच्या डीएसएलआरमध्ये फिल्मच्या जागी असलेला सेन्सर त्याहून लहान. कॅननमध्ये तो साधारण २२ बाय १५ मिलिमीटर, निकॉनमध्ये किंचित मोठा. तीच पन्नास यावर बसवली की फिल्मवरच्या ऐंशी किंवा पंचाहत्तरसारखी दिसते. चेहऱ्यासाठी सुरेख, पण खोलीसाठी अडचणीची. हिशेब करून बघा. दहा फुटांवर उभ्या माणसाचा कॅमेरा उभा धरून फोटो काढायचा, तर कॅननवर पन्नासच्या चौकटीत साडेचार फूटही मावत नाहीत. पाय गेले! आणि वन बीएचकेच्या हॉलमध्ये, सोफा आणि टीव्हीचं कपाट धरून, दहा फूट मागे सरकायला जागा कुठे असते? त्याच दहा फुटांतून निकॉनवर पस्तीसमध्ये साडेसहा फुटांहून थोडं जास्त मावतं. कॅननवर चोवीसमध्ये नऊ फुटांच्या वर.

म्हणून पैसे मोजण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. किट लेन्सची झूमची रिंग पस्तीसवर आणा, कागदी चिकटपट्टीने घट्ट करा आणि काही दिवस त्यावरच फोटो काढा. नंतर पंचावन्नच्या जरा अलीकडे आणून तसंच. स्वयंपाकघरात, बाल्कनीत, मुलांच्या मागे धावताना. पाठ सारखी भिंतीला लागते का, की उलट दर वेळी पुढेच जावंसं वाटतं, ते तुम्हालाच कळेल. जुन्या फोटोंची माहिती संगणकावर उघडली तर प्रत्येक फोटो किती एमएमवर काढला तेही दिसतं.

माझं मत सांगतो. निकॉनवाल्यांनी पहिली लेन्स पस्तीस एमएम एफ १.८ जी डीएक्स घ्यावी. २००९ ची आहे, घरातल्या कामाला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. कॅननवाल्यांचा पेच मोठा. त्यांच्याकडे चोवीस एमएमची चपटी पॅनकेक लेन्स आहे, अवघी सव्वाशे ग्रॅम. सोळा सेंटिमीटरवरचंही टिपते, ताटातल्या मोदकाची कळीन्‌कळी येते. पण तिचं छिद्र एफ २.८ वर थांबतं. खोली मोठी असेल, किंवा मन मुळात चेहऱ्यांत रमत असेल, तर कॅननवर पन्नासच घ्या.

निकॉनवाल्यांनी एक सापळा ओळखून ठेवावा. जुन्या बाजारात पन्नास एमएम एफ १.८ डी नावाची लेन्स स्वस्तात मिळते. तिच्यात फोकसची मोटर नाही, ती मोटर कॅमेऱ्यात असावी लागते. डी ३५०० किंवा डी ५६०० या कॅमेऱ्यांत ती नाही. लेन्स बसते, फोटो निघतो, फोकस मात्र हाताने फिरवत बसायचं. नावात ‘एएफ-एस’ आहे ना, एवढं बघा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच. तिथे दुसरीच काळजी घ्यायची: आरएफ लिहिलेली लेन्स मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी असते, डीएसएलआरवर ती बसत नाही.

पक्ष्यांसाठी लेन्स हवी असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि कॅननची ५५-२५० आयएस बघा. जोडीला म्हणून गळ्यात मारली जाणारी ७५-३०० नको. तिच्यात हात सावरणारी सोयच नाही.

नवी लेन्स आली की पहिल्या दिवशी सगळे एफ १.८ वरच फोटो काढतात, आणि निम्मे बिघडतात. लेन्सचा दोष नसतो. पन्नासवर, एक मीटरवरून, एफ १.८ ला जेमतेम इंचभर खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाक आलं तर डोळे गेले. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. दोन माणसं असतील तर सरळ एफ ४ वर जा.

आता जुनी लेन्स घेण्याबद्दल. मुंबईत बोरा बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात, मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून धरा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण दिसले तर काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही बुरशी चांगल्या लेन्सलाही धरते. कापडी बॅगेत बंद करून कपाटात ठेवलेल्या लेन्सला तर हमखास. झाकण घट्ट बसणारा स्वयंपाकघरातला डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि लेन्स त्यात ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओल धरली समजायचं. मग ते दाणे पुडीतून काढून जुन्या कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. त्या कढईत नंतर पोहे मात्र करू नका.