रस कॉलिन्स: तीन इंजिनं आणि इंजेक्टरचा धंदा

होंडा सीबी ७५० या मोटारसायकलची तीन इंजिनं, एकामागे एक. बारा सिलिंडर, टाकीत नायट्रोमिथेन हे शर्यतीचं इंधन आणि हँडलवर रस कॉलिन्स. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाचा हा गडी असल्या गाडीवर ड्रॅग रेसचा, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीचा, पाव मैल (४०२ मीटर) मारायचा. खर्च भागवायला दुकान होतं: आरसी इंजिनिअरिंग.

सुरुवातीचा खपणारा माल एक्झॉस्टचा. सीबी ७५० ला कंपनीकडून चार सायलेन्सर यायचे. कॉलिन्सनं चारही पाइप एकात आणले. वजन उतरलं. शिवाय एका सिलिंडरचा वायू बाहेर पडताना मागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा वायू ओढला जातो. पाइपांची लांबी मात्र सारखी हवी. पाइप बदलून कार्ब्युरेटरमधला मेन जेट (इंधन सोडणारं मुख्य भोक) जुनाच ठेवला, की मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. आधी प्लग पांढरा पडतो, मग पिस्टनला भोक.

नायट्रोचं गणित आणखी निर्दय. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, नायट्रोला फक्त १.७. तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन ओतायचं. त्यात एका नॉझलमध्ये कचरा अडकला, की तो एक सिलिंडर इतरांनाही घेऊन जातो.

१९७६ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला ही गाडी कोसळली, कॉलिन्स जबर जखमी झाला. दुसरा कोणी थांबला असता. यानं दोन इंजिनं आणि सुपरचार्जरची (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) ‘सॉर्सरर’ बांधली: ७.३० सेकंद, ताशी १९९.५५ मैल. त्याच्याच हाताखालचे टेरी व्हान्स आणि बायरन हाइन्स यांनी पुढे स्वतःची कंपनी काढली.

आरसीचं नाव नंतर झालं ते इंजेक्टरसाठी, म्हणजे इंजिनात मोजून इंधन फवारणाऱ्या विजेच्या झडपेसाठी. काम किचकट: प्रत्येक इंजेक्टर साफ करून ३ बार दाबावर चालवायचा, मिनिटाला किती सीसी येतं ते मोजायचं आणि सारखं देणारेच एका सेटमध्ये लावायचे.

इंजेक्टरचा साइज कसा काढायचा? २०० अश्वशक्ती, चार सिलिंडर. एका अश्वशक्तीला तासाला ०.५ पौंड इंधन धरा. म्हणजे १०० पौंड. भागिले चार, भागिले ०.८. आलं तासाला ३१.२५ पौंड, सीसीत आणायला १०.५ नं गुणा, मिनिटाला सुमारे ३२८ सीसी. टर्बो असेल तर ०.५ ऐवजी ०.६. आणि ते ०.८ कशाला? इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवला, तर कॉइल तापते आणि नीट मिटायला सवड उरत नाही.

मग सरळ मोठाच घेऊन टाकावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, तो इतका थोडा वेळ उघडतो की मात्रा हुकते. प्लग काळे पडतात आणि गाडी जागच्या जागी बंद.